आकृतीचा क्रमांक आणि वाचकाची वाट

शेती, पाटबंधारे, आरोग्य, बांधकाम, वीजपुरवठा अशा विषयांवर शासनाचे निरनिराळे विभाग पुस्तिका, माहितीपत्रके व मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध करीत असतात. या साहित्यात मजकुराइतकेच महत्त्व आकृत्यांना असते. बांधाचा उतार किती ठेवावा, नळाचा जोड कसा बसवावा, कलम कोठे बांधावे या गोष्टी शब्दांत सांगावयाच्या तर पानेच्या पाने खर्ची पडतात. एका रेखाचित्राने त्या क्षणात समजतात. म्हणूनच अशा पुस्तिकांत ठिकठिकाणी “आकृती ४ पाहा”, “आकृती ७ प्रमाणे ठेवावे” अशी वाक्ये येतात. मजकुरातून आकृतीकडे बोट दाखविणाऱ्या या वाक्यांना आपण ‘आकृती-संदर्भ’ म्हणू.

हा संदर्भ चुकला तर काय होते, याचा विचार फारसा केला जात नाही. शुद्धलेखनाची चूक वाचक स्वतःच मनात दुरुस्त करून घेतो. वाक्यातील एखादा शब्द गळला तरी अर्थ लागतो. क्रमांकाच्या चुकीचे तसे नाही. आकृती ५ ऐवजी आकृती ४ असे छापले गेले, तर चूक झाली आहे हे कळण्यास वाचकाजवळ कोणतेच साधन नसते. आकृती ४ पुस्तिकेत असतेच. फक्त ती वेगळ्या गोष्टीची असते. चुकीचा क्रमांक हा बरोबर क्रमांकाइतकाच बरोबर दिसतो, आणि त्यातच त्याचा धोका आहे.

प्रस्तुत लेखात ही चूक का होते, ती कशी टाळावी आणि झाली असल्यास कशी दुरुस्त करावी, याचा विचार केला आहे. उदाहरणे मुख्यतः धार व देवास या माळव्यातील दोन जिल्ह्यांशी संबंधित घेतली आहेत. आज हे जिल्हे मध्य प्रदेशात असले, तरी १९४८ पर्यंत तेथे पवार घराण्यांची संस्थाने होती. धार हे एक, आणि देवासची थोरली पाती व धाकटी पाती ही दोन. त्यामुळे मराठी वाचकास ही नावे परकी नाहीत. शिवाय या जिल्ह्यांत ग्रंथ, चित्रे आणि पाण्याची कामे या तिन्हींचा असा काही इतिहास आहे की, आपला विषय त्यावरून सहज स्पष्ट व्हावा.

शेततळ्याचे उदाहरण

देवास शहराने पाण्याची टंचाई फार कठोर रूपात अनुभवली आहे. १९९० च्या उन्हाळ्यात तेथे पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले होते. पुढे २००६ मध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी श्री. उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने या जिल्ह्यात शेततळ्यांची मोहीम सुरू झाली. आपल्या जमिनीच्या सुमारे दहाव्या हिश्शात तळे खोदावे, असा त्या मोहिमेचा आग्रह होता. तळे खोदणाऱ्या शेतकऱ्यास ‘भागीरथ कृषक’ व तळ्यास ‘रेवासागर’ असे नाव देण्यात आले. हजारो शेतकऱ्यांनी तळी खोदली आणि कूपनलिकांवर विसंबलेल्या भागात पावसाचे पाणी शेतातच साठविण्याची प्रथा रुजली.

एवढ्या मोठ्या संख्येने तळी खोदली जातात, तेव्हा प्रत्येक तळ्यावर अभियंता उभा राहू शकत नाही. अशा वेळी शेतकऱ्याच्या हातातील पुस्तिका हीच अभियंत्याची जागा घेते. आता अशा एका पुस्तिकेची कल्पना करू. तळे पृष्ठभागी ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल आहे. आकृती ३ मध्ये घट्ट चिकण मातीतील तळ्याचा छेद दाखविला असून बाजूंचा उतार १:१ आहे. म्हणजे एक मीटर खोल गेल्यावर बाजू एक मीटर आत येते. आकृती ४ मध्ये भुसभुशीत मातीतील तळ्याचा छेद असून तेथे उतार १.५:१ आहे, म्हणजे बाजू अधिक सपाट, दर मीटर खोलीमागे दीड मीटर आत.

पहिल्या तळ्याचा तळ २४ × २४ मीटर भरतो आणि त्यात २,१९६ घनमीटर पाणी मावते. दुसऱ्याचा तळ २१ × २१ मीटर भरतो आणि त्यात १,९७१ घनमीटर पाणी मावते. फरक २२५ घनमीटरांचा, म्हणजे २ लाख २५ हजार लिटरांचा आहे. भुसभुशीत मातीसाठी हे सव्वादोन लाख लिटर पाणी आपण सोडून देतो, ते उगाच नव्हे. उभी बाजू पावसात ढासळू नये म्हणून.

आता समजा की, छपाईच्या आदल्या दिवशी कोणा अधिकाऱ्याने सुचविले की, माती कशी ओळखावी याचेही एक चित्र आरंभी घालावे. सूचना उत्तमच आहे. ते चित्र आकृती ३ झाले. घट्ट मातीचा छेद आकृती ४ झाला, भुसभुशीत मातीचा छेद आकृती ५ झाला. चित्रांखालील क्रमांक बदलण्यात आले. परंतु मजकुरातील “भुसभुशीत माती असल्यास आकृती ४ प्रमाणे खोदावे” हे वाक्य मात्र तसेच राहिले. आता हेच वाक्य शेतकऱ्यास घट्ट मातीच्या उभ्या उताराकडे पाठविते. शेतकरी वाचून, समजून, पुस्तिकेप्रमाणे काम करतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात तळ्याची बाजू बसते. दोष मातीचा नाही, शेतकऱ्याचा नाही, आकृती काढणाराचाही नाही. एक अंक बदलावयाचा राहून गेला, एवढेच.

आकृती नसलेला ग्रंथ

आकृतीची उणीव म्हणजे काय, हे समजण्यासाठी धारकडे वळावे. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धार येथे राज्य करणाऱ्या परमार राजा भोजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुविद्येवरील मोठा संस्कृत ग्रंथ आहे. नगररचना, घरे, देवालये, मूर्ती, चित्रकला यांबरोबरच त्याच्या ३१ व्या अध्यायात यंत्रांचे वर्णन येते. म. म. टी. गणपतिशास्त्री यांनी संपादिलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४-२५ मध्ये दोन भागांत छापून निघाला.

या यंत्राध्यायात यंत्रांची रचना कशी करावी याचा तपशील पूर्णपणे दिलेला नाही. तो अज्ञानामुळे वगळलेला नसून गुप्तता राखण्यासाठी वगळला आहे, असे ग्रंथकाराने स्वतःच म्हटले आहे. ग्रंथात रेखाचित्रेही नाहीत. परिणामी, शब्दांवरून यंत्राचे स्वरूप कसे असेल याविषयी अभ्यासकांना तर्कच करावा लागतो. तांत्रिक विषय केवळ शब्दांत मांडला की, पुढच्या पिढीस तो पुन्हा उभा करणे किती अवघड जाते, याचे हे बोलके उदाहरण होय.

याच धार शहरात, भोजशाळा–कमाल मौला या संरक्षित वास्तूत, याच्या अगदी उलट प्रकारचे उदाहरण आढळते. तेथील स्तंभांवर सर्पाच्या आकारात कोरलेली व्याकरणाची कोष्टके आहेत. वर्णमाला आणि क्रियापदांचे प्रत्यय सर्पाच्या वेटोळ्यांत मांडलेले आहेत. येथे आकृती व मजकूर एकाच दगडावर, एकमेकांत गुंफलेले आहेत. “अमुक आकृती पाहा” असे सांगण्याचे कारणच उरत नाही, आणि म्हणून संदर्भ चुकण्याचाही संभव नाही.

छापील पुस्तकाची स्थिती या दोहोंच्या मधली आहे. त्यात आकृती असते, पण ती मजकुरापासून वेगळी असते. कधी ती समोरच्या पानावर जाते, कधी प्रकरणाच्या शेवटी. या दोहोंना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे क्रमांक.

बाघ आणि मांडू यांवरील ग्रंथ

हा दुवा किती भार सोसतो, हे धार जिल्ह्याशी संबंधित दोन ग्रंथांवरून दिसून येते. बाघ येथील लेणी पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात होती. आज ती धार जिल्ह्यात आहेत. तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १९२१ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार व सुरेंद्रनाथ कर हे चित्रकार गेले होते. १९२७ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याच्या सहकार्याने या लेण्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सर जॉन मार्शल, ग्वाल्हेरच्या पुरातत्त्व खात्याचे मो. ब. गर्दे, फोगेल, हॅवेल आणि कझिन्स अशा पाच जणांचे लेखन आहे. लेखक पाच आणि चित्रांचा संच एक. प्रत्येकाने आपापल्या परीने चित्रांना क्रमांक दिले असते, तर ग्रंथ वाचणे अशक्य झाले असते.

दुसरा ग्रंथ मांडूवरील होय. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी लिहिलेला हा इंग्रजी ग्रंथ धार संस्थानसाठी १९२९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयात छापला गेला. वास्तू मांडूला, लेखक हैदराबादला आणि जुळारी ऑक्सफर्डला. छायाचित्रातील इमारत कोणती, हे ऑक्सफर्डच्या जुळाऱ्यास पाहून ओळखता येणे शक्य नव्हते. त्याला आधार होता तो फक्त चित्राच्या मागे व हस्तलिखितात लिहिलेल्या खुणेचा. लेखक, चित्रकार आणि मुद्रक एकमेकांपासून जितके दूर, तितकी खूण अधिक काटेकोर हवी. आजही स्थिती फारशी वेगळी नाही. मजकूर तालुक्याच्या कार्यालयात लिहिला जातो, आकृत्या जिल्ह्याच्या ठिकाणी काढल्या जातात आणि छपाई तिसऱ्याच शहरात होते.

चूक नेमकी कोठे होते

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी आकृत्यांचे जस्ताचे ब्लॉक करून घ्यावे लागत. छायाचित्रे बहुधा गुळगुळीत आर्ट पेपरवर स्वतंत्र छापून दोन फर्म्यांच्या मध्ये बांधली जात. एखादी आकृती वाढली, तर मजकुरातील प्रत्येक संदर्भ शोधून त्यातील खिळा बदलावा लागे. हे काम कष्टाचे होते, म्हणूनच ऐन वेळी आकृती घालण्यास मुद्रक सहसा तयार होत नसत. पृष्ठांक ठरलेला नसेल तेथे शून्ये जुळवून ठेवावीत आणि पाने पक्की झाल्यावर तेथे खरा अंक घालावा, अशीही रीत होती.

संगणक आल्यावर आकृती मागेपुढे करणे सोपे झाले आणि त्याच प्रमाणात चुकाही वाढल्या. पूर्वी कष्टामुळे जो विचार होत असे, तो आता होत नाही. या चुकांची कारणे मुख्यतः पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले कारण म्हणजे लेखक आरंभीच क्रमांक लिहून टाकतो. मसुदा पक्का होईपर्यंत आकृत्यांचा क्रम बदलतच असतो. क्रमांक मात्र पहिल्या दिवशीचा राहतो.

दुसरे कारण ‘वरील आकृतीत’, ‘खालील आकृतीत’, ‘शेजारच्या चित्रात’ अशा शब्दांचा वापर. पानात जागा नसली की, आकृती पुढच्या पानाच्या माथ्यावर जाते. मग ‘खालील’ हा शब्द वाचकास रिकाम्या जागेकडे किंवा भलत्याच चित्राकडे नेतो.

तिसरे कारण ‘शोधा आणि बदला’ या संगणकीय सोयीचा घाईने केलेला उपयोग. आकृती ३ चे ४ केले, मग ४ चे ५ केले, की जी आकृती नुकतीच ४ झाली होती तीही ५ होऊन बसते. अशा रीतीने सर्व संदर्भ एकाच अंकावर येऊन थांबतात. त्याचप्रमाणे ‘आकृती १’ शोधताना संगणक ‘आकृती १०’, ‘आकृती ११’ हेही पकडतो आणि त्यांतील पहिला अंक बदलून टाकतो. क्रमांक वाढवावयाचे असतील तेव्हा नेहमी शेवटच्या आकृतीपासून आरंभ करून मागे यावे, आणि प्रत्येक बदल डोळ्यांनी पाहून मान्य करावा.

आधी नाव, मग क्रमांक

या सर्व चुकांवर उपाय एकच आहे. लेखकाने आकृतीस क्रमांक न देता नाव द्यावे आणि मजकुरात तिचा उल्लेख त्या नावानेच करावा. क्रमांक सर्वांत शेवटी पडावा.

क्रमांक हा आकृतीचा गुण नाही. ती रांगेत कोठे उभी आहे एवढेच तो सांगतो. रांग बदलली की क्रमांक बदलतो, नाव मात्र बदलत नाही. वर्गातील मुलास आपण हजेरीपटावरील अनुक्रमांकाने ओळखू लागलो, तर पुढील वर्षी नवा विद्यार्थी आल्याबरोबर सर्व घोटाळा होईल. शिक्षक मुलास नावाने हाक मारतात, ते याचसाठी.

चलनी नोटांची छपाई हे याचे दुसरे उदाहरण. देवास येथे १९७४ पासून बँक नोट प्रेस आहे. नोटेच्या छपाईत आधी चित्रे व मजकूर छापले जातात. क्रमांक अखेरच्या टप्प्यात आणि यंत्राने पडतो. तो हाताने लिहावा लागत नाही, म्हणून त्यात हाताची चूक शिरत नाही.

मराठी विश्वकोशानेही हेच तत्त्व पाळले आहे. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढचे खंड अनेक वर्षे येत राहिले. एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे वाचकास पाठविताना तेथे नोंदीचे शीर्षक दिले जाते, पृष्ठांक नव्हे. जो खंड अद्याप छापलाच नाही त्याचे पान कोण सांगणार? नोंदीचे नाव मात्र आधीच ठरलेले असते. म्हणूनच पहिल्या खंडातील वाचकही कितीतरी वर्षांनी निघालेल्या खंडातील नोंदीपर्यंत बिनचूक पोहोचतो.

संगणकाने हे काम करवून घेणे

आज उपलब्ध असलेल्या बहुतेक संगणकीय साधनांत ही सोय आहे. फक्त ती वापरली जात नाही. दोन प्रमुख पद्धतींचा परिचय येथे करून देतो.

विज्ञान व गणित विषयांच्या लेखनात ‘लाटेक’ ही प्रणाली प्रचलित आहे. आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीतील अक्षरजुळणी पसंत न पडल्यामुळे स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रा. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ मध्ये ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली तयार करण्यास घेतली. तिच्यावर आधारित ‘लाटेक’ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी रचली. तिची पुस्तिका १९८६ मध्ये निघाली. यात आकृतीजवळ ‘लेबल’ ही आज्ञा देऊन तिला नाव द्यावयाचे आणि मजकुरात जेथे उल्लेख हवा तेथे ‘रेफ’ ही आज्ञा देऊन तेच नाव लिहावयाचे. क्रमांक प्रणाली स्वतः घालते.

या प्रणालीत दोन अडचणी वारंवार येतात. पहिली अशी की, क्रमांकाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे छापून येतात. याचे साधे कारण बहुधा असे असते की, प्रणाली पहिल्या फेरीत नावे व क्रमांक यांची यादी एका साहाय्यक फाइलीत लिहून ठेवते आणि ती यादी दुसऱ्या फेरीत वाचते. म्हणून दस्तऐवजावर किमान दोन वेळा प्रक्रिया करावी. तरीही प्रश्नचिन्हे राहिली, तर नाव लिहिण्यात कोठे तरी फरक पडला आहे असे समजावे. दुसरी अडचण अधिक फसवी आहे. क्रमांक छापून येतो, परंतु आकृतीचा नव्हे, तर त्या विभागाचा. आकृतीस क्रमांक मिळतो तो ‘कॅप्शन’, म्हणजे चित्राखालील शीर्षकाच्या आज्ञेमुळे. ‘लेबल’ जर त्या आज्ञेच्या आधी लिहिले, तर तोवर आकृतीस क्रमांक मिळालेलाच नसतो आणि लेबल त्या आधीचा, म्हणजे विभागाचा, क्रमांक उचलते. म्हणून शीर्षक आधी, लेबल नंतर, हा क्रम कधीही मोडू नये.

कार्यालयांत सर्वत्र वापरले जाणारे ‘वर्ड’ आणि विनामूल्य मिळणारे ‘लिब्रेऑफिस’ यांतही हीच सोय आहे. आकृतीखालील क्रमांक हाताने न टाइप करता शीर्षक घालण्याच्या आज्ञेने घालावा, आणि मजकुरातील उल्लेख ‘क्रॉस-रेफरन्स’ या आज्ञेने करावा. हाताने लिहिलेला क्रमांक संगणकाच्या दृष्टीने नुसता अंक असतो. तो कोणत्याही आकृतीशी जोडलेला नसतो. आकृत्यांचा क्रम बदलल्यावर जुने क्रमांक पुष्कळदा पडद्यावर तसेच दिसत राहतात. ‘वर्ड’मध्ये सर्व मजकूर निवडून एफ-९ ही कळ दाबली की ते अद्ययावत होतात. मात्र चौकटींतील व तळटीपांतील मजकूर या निवडीत येत नाही; तो वेगळा निवडून तेथेही कळ दाबावी लागते. ज्या शीर्षकाकडे संदर्भ जात होता ते शीर्षकच पुसले गेले असेल, तर संदर्भाच्या जागी चुकीची सूचना देणारे इंग्रजी वाक्य ठळक अक्षरांत उमटते. ते तसेच छापले गेलेले अहवालही पाहावयास मिळतात. असे वाक्य दिसल्यास ते पुसून तेथे हाताने अंक लिहिणे हा उपाय नव्हे. शीर्षक पुन्हा घालून संदर्भ नव्याने जोडावा.

जेथे ही साधने वापरता येत नाहीत, जुन्या फाँटमध्ये किंवा जुन्या पानजुळणी-प्रणालीत काम चालते, तेथेही तत्त्व तेच राहते. हस्तलिखितात चौकोनी कंसात ‘आकृती–सांडवा’, ‘आकृती–भुसभुशीत माती’ अशी नावे लिहावीत. एका स्वतंत्र कागदावर आकृतीचे नाव, चित्राची फाइल आणि ती ज्या पानांवर उल्लेखिली आहे ती पाने, अशी तीन रकान्यांची सूची ठेवावी. पाने पक्की झाल्यावर सूचीत चौथा रकाना क्रमांकाचा करावा आणि मगच मजकुरातील नावांच्या जागी क्रमांक घालावेत. छपाईपूर्वी चौकोनी कंस शोधला असता एकही सापडू नये. सापडला तर तो संदर्भ भरावयाचा राहिला आहे.

मराठीची स्वतःची अडचण

ही साधने इंग्रजी भाषा डोळ्यांपुढे ठेवून तयार झाली आहेत. त्यामुळे मराठीत एक खास अडचण येते. इंग्रजीत नामाचे रूप बदलत नाही. मराठीत विभक्तीप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले की नामाचे सामान्यरूप होते. ‘आकृती’ या शब्दापुरता प्रश्न येत नाही. ‘आकृती ३ मध्ये’ हे ठीकच आहे. परंतु ‘तक्ता’ व ‘नकाशा’ यांचे काय? संगणक सर्वत्र ‘तक्ता ३’ असेच घालणार, आणि वाक्य “तक्ता ३ मध्ये दिल्याप्रमाणे” असे होणार. ‘तक्त्या ३ मध्ये’ असे रूप तो करू शकत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक असा की, संगणकाकडून केवळ क्रमांक घ्यावा आणि नाम आपण वाक्यास अनुरूप लिहावे. ‘लाटेक’मधील ‘रेफ’ केवळ क्रमांकच देते, आणि ‘लिब्रेऑफिस’मध्येही केवळ क्रमांक घेण्याचा पर्याय आहे. दुसरा उपाय असा की, संदर्भ कंसात ठेवावा. “बियाण्याचे प्रमाण जमिनीनुसार बदलते (तक्ता ३).” कंसातील नामास प्रत्यय लागत नाही, म्हणून संगणकाने घातलेले रूप तसेच चालते. तांत्रिक लेखनात ही दुसरी रीत अधिक सुटसुटीत पडते.

याखेरीज अंकांची लिपी एकच ठेवावी. चित्राखाली रोमन वळणाचा अंक आणि मजकुरात देवनागरी अंक असे झाले, तर नवसाक्षर वाचकास ते एकच आहेत हे कळण्यास वेळ लागतो. उप-आकृत्यांची अक्षरेही एकाच क्रमाने असावीत. एके ठिकाणी (अ), (आ), (इ) आणि दुसरीकडे (क), (ख), (ग) असे करू नये.

छपाईपूर्वीची तपासणी

संगणक क्रमांक जुळवितो. अर्थ जुळवीत नाही. लेखकानेच घट्ट मातीच्या आकृतीचे नाव भुसभुशीत मातीच्या वाक्यात लिहिले, तर संगणक तो चुकीचा संदर्भही निष्ठेने जपतो. म्हणून शेवटची तपासणी माणसानेच करावयाची असते. ती पुढीलप्रमाणे करावी.

१. अंतिम मुद्रित हाती आल्यावर मजकूर न वाचता केवळ संदर्भ शोधावेत. प्रत्येक संदर्भाशी थांबून ती आकृती काढून पाहावी आणि वाक्यात जे म्हटले आहे ते तेथे खरोखर दिसते का, याची खात्री करावी.

२. मग उलट दिशेने जावे. प्रत्येक आकृतीचा मजकुरात एकदा तरी उल्लेख आहे की नाही, ते पाहावे. जिचा उल्लेखच नाही, ती आकृती वाचकाच्या उपयोगी पडत नाही.

३. आकृतीखालील शीर्षक स्वयंपूर्ण असावे. ‘आकृती ५ : छेद’ एवढे पुरेसे नाही; ‘आकृती ५ : भुसभुशीत मातीतील तळ्याचा छेद, उतार १.५:१’ असे असावे. शीर्षक पूर्ण असेल, तर संदर्भ चुकला तरी वाचकास संशय येतो आणि तो थांबतो.

४. जेथे चूक झाल्यास जीविताची किंवा पिकाची हानी होऊ शकते, तेथे क्रमांकाबरोबर नावही द्यावे. “आकृती ५ (भुसभुशीत माती) प्रमाणे खोदावे” या वाक्यात नाव व क्रमांक एकमेकांवर पहारा ठेवतात.

५. ही तपासणी लेखकाने करू नये. ज्याने तो मजकूर पूर्वी वाचलेला नाही अशा व्यक्तीकडून करवून घ्यावी. लेखकास आकृत्या पाठ असतात, म्हणून चुकीचा क्रमांक त्याच्या डोळ्यांस दिसत नाही. गावातील शाळेचे शिक्षक किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थी हे काम उत्तम रीतीने करू शकतात.

शिक्षकांनी प्रश्नपत्रिका व प्रयोगवह्या तयार करताना ही पद्धत अनुसरावी. “सोबतच्या आकृतीवरून उत्तरे लिहा” या वाक्याने परीक्षेत किती गोंधळ होतो, ते त्यांना सांगावयास नकोच. ग्रामस्थांनीही एक सवय अंगी बाणवावी. पुस्तिकेतील आकृतीप्रमाणे काम सुरू करण्यापूर्वी आकृतीखालील शीर्षक वाचावे व ते आपल्या कामाशी जुळते का ते पाहावे. जुळत नसेल, तर काम थांबवून ग्रामपंचायत अधिकारी अथवा सहायक कृषी अधिकारी यांस विचारावे आणि ती चूक संबंधित कार्यालयास कळवावी. एका वाचकाने कळविलेली चूक पुढील आवृत्तीच्या सर्व वाचकांना वाचविते.

पुस्तिका छापून झाली की ती लेखकाच्या हाती राहत नाही. ती ज्या शेतावर, ज्या विहिरीवर, ज्या बांधकामावर उघडली जाईल, तेथे लेखक जवळ नसतो. वाचकास तेथे जी सोबत मिळते ती शब्दांची, आकृत्यांची आणि त्या दोहोंना जोडणाऱ्या एका लहानशा अंकाची. तो अंक खरा ठेवणे हे पुस्तिका काढणाऱ्या प्रत्येक कार्यालयाचे कर्तव्य आहे.